कार्डवाल्याला एक भाव, बिनकार्डवाल्याला दुसरा: सुपरमार्केटच्या 'मेंबर दरा'वर ग्राहकांचा विश्वास का बसत नाही?

सुपरमार्केटच्या काउंटरवर सामान ठेवलं की आधी एक प्रश्न येतो, "मोबाइल नंबर सांगा." नंबर दिला की बिलातून काही रुपये वजा होतात. नाही दिला तर त्याच डाळीला आणि त्याच तेलाच्या पिशवीला जास्त पैसे पडतात. काही दुकानांत तर फळीवरच्या पट्टीवर दोन भाव छापलेले असतात. एक सगळ्यांसाठी, दुसरा मेंबरसाठी.

या पद्धतीला लॉयल्टी कार्ड प्रायसिंग म्हणतात. सोप्या भाषेत, मेंबर दर.

याबद्दल लोकांना विचारलं तर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "चार पैसे वाचतात, मग काय वाईट आहे?" आणि "आधी भाव वाढवायचा, मग कमी केला म्हणून सांगायचं!" बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. तो कार्ड वापरतोही आणि त्याच्यावर संशयही घेतो.

असं का होतं? हे समजून घ्यायला पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके चांगले आहेत. कारण 'सभासदाला वेगळा भाव' ही गोष्ट इथल्या घरांना सुपरमार्केटच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

आधी पॉइंट आणि मेंबर दर यांतला फरक

दोन्ही योजनांना लोक 'कार्ड' म्हणतात, पण त्या वेगळ्या आहेत.

पॉइंटच्या योजनेत भाव सगळ्यांना सारखाच असतो. खरेदीवर पॉइंट जमा होतात आणि ते पुढच्या बिलात वापरता येतात. समजा १०० रुपयांना १ रुपयाचा पॉइंट मिळतो आणि महिन्याचा किराणा ४,००० रुपयांचा आहे. म्हणजे महिन्याकाठी ४० रुपये परत आले. पॉइंट नाही मिळाले तर माणूस हळहळतो, पण चिडत नाही.

मेंबर दरात भावच दोन असतात. मेंबरला तेलाची पिशवी १३५ रुपयांना आणि दुसऱ्याला १५० रुपयांना, असं समजा. इथे कार्ड नसलेल्या माणसाला आपल्याला सवलत मिळाली नाही असं वाटत नाही, आपल्याकडून १५ रुपये जास्त घेतले असं वाटतं. हिशेब एकच, पण मनात उमटणारी गोष्ट वेगळी. एकाला बक्षीस वाटतं, दुसऱ्याला दंड.

ब्रिटनमध्ये टेस्को या साखळीने १९९५ साली क्लबकार्ड आणलं, तेव्हा ती पॉइंटची योजना होती. २०१९मध्ये त्यांनी 'क्लबकार्ड प्राइस' म्हणजे थेट दोन भाव सुरू केले. २०२३मध्ये सेन्सबरीज ही दुसरी मोठी साखळी त्याच वाटेने गेली. लोकांची कुरबुर वाढली ती या दुसऱ्या टप्प्यात.

भारतात हे कायदेशीर आहे का?

हो. आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, छापावी लागते. ती सर्व करांसहित असते. वैध मापन कायदा २००९चा आहे आणि पाकीटबंद मालाचे नियम २०११चे. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं गुन्हा आहे. कमी भावाने विकायला मात्र कोणतीही बंदी नाही आणि सगळ्यांना सारखीच सवलत द्या अशीही सक्ती नाही.

त्यामुळे १५० रुपये एमआरपी असलेली वस्तू मेंबरला १३५ला आणि इतरांना १५०ला विकली, तर दुकानदाराने कायदा मोडलेला नाही.

पण यात एक मेख आहे. एमआरपी सरकार ठरवत नाही. माल बनवणारा किंवा पाकिटात भरणारा ती ठरवतो. नामांकित कंपनीच्या साबणाची एमआरपी गावातल्या टपरीपासून मॉलपर्यंत एकच असते, म्हणून त्यावरची सवलत लगेच कळते. दुकानाने स्वतःच्या नावाने पाकीटबंद केलेल्या तूरडाळीचं, काजूचं किंवा मसाल्याचं तसं नाही. तिथे एमआरपीही दुकानाच्याच बाजूने छापलेली असते. '२६० रुपयांची डाळ मेंबरला १४९ला' हे वाचायला झकास वाटतं, पण ती डाळ २६०ला कुणी कधी घेतली होती का, हा खरा प्रश्न.

जुन्नर-आंबेगावची सभासद साखर

जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरला श्री विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे, आंबेगावात दत्तात्रयनगर-पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना. महाराष्ट्रात जिथे जिथे सहकारी कारखाने उभे राहिले, तिथे सभासदांना सवलतीच्या दरात साखर देण्याची रीत रुजली. दिवाळी जवळ आली की 'यंदा किती किलो आणि काय भावाने' ही चर्चा अशा गावांतून सुरू होते.

म्हणजे हाही मेंबर दरच. शेअर ज्याच्या नावावर, त्याला स्वस्त साखर. शेजारच्या बिनसभासदाला बाजारभावाने.

या साखरेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं असं की बाजारभाव आणि सभासदाला लावलेला भाव यांतला फरक म्हणजे कारखान्याने वाटलेला नफाच आहे, त्यामुळे त्यावर कर लागला पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१२मध्ये हा प्रश्न न्यायालयापुढे आला. न्यायालयाने स्वतः अंतिम निकाल न देता, ही सवलत धंद्यातली रूढ प्रथा आहे की नफ्याचं वाटप, हे तपासायला प्रकरण प्राप्तिकर खात्याच्या अपील अधिकाऱ्याकडे परत पाठवलं.

कराचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट यातून नीट दिसते. मेंबरला कमी भाव म्हणजे कुणाच्या तरी पैशातून दिलेला लाभ. कारखान्यात तो पैसा सभासदांचाच असतो. म्हणून वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणतोच, "साखर राहू द्या, उसाला भाव द्या."

तरीही सभासद साखरेवर 'ही फसवणूक आहे' असा संशय सहसा येत नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, साखरेचा बाजारभाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. किती सवलत मिळाली ते शेंबडं पोरही सांगेल.

दुसरं, सभासद कसं व्हायचं आणि त्याला काय मिळणार हे आधी जाहीर असतं. दर आठवड्याला पट्टी बदलत नाही.

तिसरं, सभासदाला सभेत उभं राहून विचारता येतं. उत्तर समाधानकारक मिळेलच असं नाही, पण विचारायची जागा आहे.

सुपरमार्केटच्या कार्डात नेमक्या याच तीन गोष्टी कच्च्या असतात. तुलनेचा भाव अंधुक, नियम सतत बदलणारे आणि मेंबर म्हणवणाऱ्याला मालकीचा किंवा मताचा अधिकार शून्य.

मुंबईला गेलेल्यांनी पाहिलेली दुसरी तऱ्हा

जुन्नर-आंबेगावातली कितीतरी घरं अर्धी गावाकडे, अर्धी मुंबईत अशी आहेत. मुंबईचे डबेवाले ज्या मावळी तालुक्यांतून आले त्यांत हे दोन्ही तालुके आहेत. त्या मुंबईत सभासदत्वावर चालणारी खरेदी जुनी आहे.

नायगावच्या गिरणगावात १९४८ साली 'अपना बाजार' ही सहकारी संस्था सुरू झाली. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत साधी आहे. शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, संस्था घाऊक माल घेते आणि संघाकडे पोहोचवते. मग घरोघरची माणसं मिळून त्याची वाटणी करतात.

इथेही भाव सभासदांनाच मिळतो. पण तो स्वस्त का पडतो हे दिसतं: दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, मागणी आधीच ठाऊक आणि वाटपाची मेहनत सभासदांची. कारण दिसलं की भावावर विश्वास बसतो.

याच्या अगदी उलट टोकाला डीमार्ट आहे. २००२मध्ये पवईत पहिलं दुकान उघडणाऱ्या या साखळीने कार्डाच्या भानगडीत न पडता, येईल त्या प्रत्येकाला एमआरपीपेक्षा कमी असा एकच भाव लावायचं धोरण ठेवलं. म्हणजे स्वस्त विकायला कार्ड लागतंच असं नाही. मग दुकानं कार्ड का काढतात, याचं उत्तर पुढे येईल.

ब्रिटनच्या चौकशीत काय निघालं?

मेंबर दरावर आणि त्याबद्दलच्या लोकांच्या मतावर मोठी सरकारी तपासणी झाली ती ब्रिटनमध्ये. तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने जानेवारी २०२४मध्ये काम सुरू केलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पाच साखळ्यांमधल्या सुमारे ५०,००० मेंबर-दराच्या वस्तू तपासल्या गेल्या.

निष्कर्ष असे:

• ९२ टक्के वस्तूंमध्ये नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरोखर बचत होती.
• मेंबर दराच्या वस्तूंवर सरासरी १७ ते २५ टक्के बचत शक्य होती.
• तरीही ५५ टक्के ग्राहकांना वाटत होतं की मेंबर दर आकर्षक दिसावा म्हणून साधा भाव मुद्दाम वाढवला जातो.
• ४३ टक्के लोकांना मेंबर नसलेल्यांकडून जास्त पैसे घेणं अन्यायाचं वाटत होतं.
• ७६ टक्के लोकांनी सांगितलं की अशा दरांमुळे आपलं खरेदीचं दुकान बदललेलं नाही.

म्हणजे सवलत बहुतेक ठिकाणी खरी होती आणि निम्म्याहून जास्त लोकांना ती खोटी वाटत होती.

प्राधिकरणाने आणखी एक गोष्ट बजावली. मेंबर दर हा त्या दुकानातल्या साध्या भावापेक्षा कमी असतो, बाजारातला सगळ्यात कमी भाव असेलच असं नाही. दुसऱ्या दुकानात तीच वस्तू कार्डाशिवाय आणखी स्वस्त मिळू शकते. शिवाय वयस्कर माणसं, अपंग व्यक्ती आणि स्मार्टफोन नसलेले ग्राहक या योजनांबाहेर राहू नयेत याची काळजी घ्या, असंही दुकानांना सांगण्यात आलं.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू पडतो. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी डोंगरपट्ट्यात आजही कितीतरी ठिकाणी मोबाइलला धड रेंज नसते. घरात फोन एकच आणि तो पोराच्या खिशात. बाजाराला आलेल्या आजीला ओटीपी कुठून मिळणार? ज्याला दहा रुपयांची बचत सगळ्यात गरजेची, तोच मेंबर दरातून सुटतो.

लिलावात वाढलेल्या माणसाला दोन भाव का खुपतात?

नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यात नावाजलेला आहे. मंचर, ओतूर, आळेफाट्याला कांद्याचे लिलाव होतात. इथल्या शेतकऱ्याला भाव पडण्याची सवय आहे. आज क्रेटला मिळालेला भाव उद्या निम्मा होऊ शकतो हे त्याने पाहिलेलं असतं. २०२३च्या जुलैत टोमॅटो सोन्याच्या भावाने गेला तेही पाहिलं आणि माल फुकट गेल्यासारखा विकावा लागला तेही.

पण लिलावात भाव सगळ्यांसमोर फुटतो. माल कसा आहे, बोली कुणी लावली, शेजारच्याच्या मालाला काय मिळालं हे उघड असतं. भाव कमी आला तर राग येतो, पण तो कसा ठरला हे कळतं. मेंबर दरात मालही एक, दिवसही एक, दुकानही एक आणि तरी भाव दोन. फरक मालात नसून गिऱ्हाइकात केलेला असतो. इथे माणूस अडखळतो.

उधारीची वही हेही एक कार्डच

गावच्या किराणा दुकानातली वही आठवा. नाव, तारीख, रक्कम. उसाचं बिल आलं, कांदा विकला गेला की हिशेब चुकता. या वहीत सवलत फारशी नसते, माल बहुतेकदा छापील भावानेच मिळतो. मिळते ती मुदत.

ज्याचं उत्पन्न महिन्याला येत नाही, हंगामाला येतं, त्याच्यासाठी १५ रुपयांच्या सवलतीपेक्षा तीन महिन्यांची उधारी मोलाची असते. सुपरमार्केट मेंबरला स्वस्त देतं, पण रोख मागतं. म्हणून बरीच घरं दोन्ही सांभाळतात. हातात पैसे असतील तेव्हा मोठ्या दुकानातून महिन्याचं सामान भरायचं, एरवी गावातल्या दुकानातून.

वहीतही सगळं गोड नसतं. थकबाकी वाढली की दुकानासमोरून जाताना मान खाली जाते. भावावर घासाघीस करता येत नाही. दुसऱ्या दुकानात गेलात तर ते कानावर जातं. निष्ठेची किंमत इथेही मोजावी लागतेच. फरक इतका की ती कुणाला देतोय हे समोर दिसतं.

मग दुकानाला आपला नंबर कशाला हवा?

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येऊ. दुकान मेंबर दर देतं तेव्हा त्याच्या बदल्यात तीन गोष्टी मिळवतं.

एक, तुम्ही पुन्हा त्याच दुकानात येण्याची शक्यता वाढते.

दोन, तुमच्या खरेदीची नोंद. तुम्ही महिन्यात किती वेळा येता, कोणतं तेल घेता, घरात लहान बाळ आहे का, उपवासाचे पदार्थ कधी घेता, हे बिलांवरून कळतं.

तीन, ही माहिती वापरून कंपन्यांना जाहिरातीची जागा विकता येते आणि तुम्हाला नेमक्या ऑफर पाठवता येतात.

यात लपवण्यासारखं काही नाही, पण सांगितलं जात नाही हे खरं. ग्राहकाला वाटतं आपण सवलत घेतली. प्रत्यक्षात सौदा झालेला असतो: काही रुपये आणि त्यांच्या बदल्यात माहिती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३मध्ये दुकानदारांना सूचना दिली की बिल देण्यासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबरची सक्ती करू नये. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतोय हे सांगणं, संमती घेणं आणि दिलेली संमती मागे घेऊ देणं हा त्या कायद्याचा गाभा आहे.

थोडक्यात, "नंबर दिला नाही तर बिलच होणार नाही" असं कुणी म्हणत असेल तर ते ऐकून घ्यायची गरज नाही. मेंबर दर हवा असेल तर मात्र नंबर द्यावा लागेल. तो निर्णय तुमचा.

मेंबर दर खरा की दिखाऊ, हे कसं ओळखायचं?

• किलोचा भाव काढा. समजा ९०० ग्रॅम डाळीचं पाकीट मेंबरला १४९ रुपयांना आहे. म्हणजे किलोला जवळपास १६६ रुपये. गावच्या दुकानात तीच सुटी डाळ १६० रुपये किलो असेल, तर 'मेंबर' होऊन तुम्ही किलोमागे जवळपास सहा रुपये जास्त दिले.

• पाकिटावरचा प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव वाचा, पण तो एमआरपीवरून काढलेला असतो हे लक्षात ठेवा. मेंबर दराचा हिशेब स्वतःच करावा लागतो.

• एमआरपीशी तुलना करू नका, मागच्या बिलाशी करा. नेहमीच्या दहा वस्तूंची जुनी बिलं फोनमध्ये फोटो काढून ठेवा. साधा भाव वाढवून मेंबर दर 'कमी' केला असेल तर दोन महिन्यांत उघडं पडतं.

• नामांकित कंपनीच्या मालावरची सवलत आणि दुकानाच्या स्वतःच्या पाकिटावरची सवलत वेगळी मोजा. पहिली तपासायला सोपी, दुसरी अवघड.

• 'दोन घ्या' वाली ऑफर संपेल तेवढीच घ्या. किडे लागलेल्या डाळीवर कुठलीच सवलत परवडत नाही.

• मेंबरशिपसाठी आधी पैसे भरायचे असतील तर वर्षाची खरेदी किती होणार हे आधी मोजा.

• बिल काउंटरवरच तपासा. फळीवर मेंबर दर आणि बिलात साधा दर लागला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते. बाकी फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

शेवटी, लोकांना राग कशाचा येतो?

सवलतीचा नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाने सभासद साखर घेतली, रेशनकार्डाच्या रंगावर धान्याचा भाव बदलताना पाहिला, वहीवर उधारी केली. माणसागणिक भाव बदलतो हे त्याला मान्य आहे, पण का बदलतो ते कळलं पाहिजे. साखरेत शेअर हे कारण होतं, रेशनमध्ये गरज, वहीत ओळख. सुपरमार्केटच्या पट्टीवर कारण लिहिलेलं नसतं, फक्त दोन आकडे असतात.

दुकानांना लोकांचा विश्वास हवा असेल तर उपाय महागडा नाही. साधा भाव किती दिवस लागू होता, किलोला मेंबर दर काय पडतो आणि नंबर कशासाठी घेतो, या तीन ओळी पट्टीवर आणि काउंटरवर लिहायच्या. तोवर ग्राहक कार्डही दाखवत राहील आणि बिलाकडे डोळे बारीक करून पाहतही राहील. दोन्ही करणं शहाणपणाचंच आहे.